दादाच्या पेटीतलं शेवाळ

दादाला सॅनेटोरियममध्ये दाखल करायचं ठरलं, त्या दिवशी सामान बांधताना तो आजाराबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला ते पाण्याबद्दल. पेटीतलं पाणी आटलं तर त्यात समुद्राचं पाणी घालायचं नाही, नळाचं घालायचं, कारण आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. काचेवर त्याने शाईने रेघ मारून ठेवली होती, पाणी तिच्याखाली जाता कामा नये. खायला चिमूटभर, तेही एक दिवसाआड. आणि शेवटी, चादरीची घडी घालता घालता तो म्हणाला, "जे खाल्लं जात नाही ते कुजतं, आणि कुजलेल्यावर शेवाळ माजतं. एवढं सांभाळ. औषधबिवषध काही घालू नकोस. फूल मरेल."

मी मान हलवली. तेव्हा मी खोलीच्या दाराशी उभा होतो. दादाच्या फुप्फुसावर डाग आहे हे कळल्यापासून मी दाराशीच उभा राहायला लागलो होतो. त्याची कपबशी वेगळी करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दारात उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. माझी बायको तेव्हा पोटुशी होती, हे कारण मी स्वतःला देत असे. कारण खोटं नव्हतं. पण दादाच्या ते लक्षात आलेलं होतं, आणि त्याला जे सांगायचं होतं ते तो दारापर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत होता.

ही एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंधेरीला राहत होतो, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका जुन्या बंगल्यात पाडलेल्या बिऱ्हाडांपैकी वरच्या मजल्यावरच्या एकात. दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई, दादा, मी आणि माझी बायको, एवढी माणसं. दादाने लग्न केलं नव्हतं. तो एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता, दिवसभर रेघा मारायचा आणि घरी आला की आपल्या खोलीत त्या पेटीसमोर स्टूल घेऊन बसायचा.

शहरात मत्स्यालय नवंच उघडलं होतं, आणि ते पाहून आल्यावर बऱ्याच जणांनी घरी गोड्या पाण्यातले रंगीत मासे आणले. दादाला समुद्रच हवा होता. लोखंडी चौकटीची काचपेटी खाऱ्या पाण्याने गंजते आणि गंज पाण्यात उतरतो, म्हणून त्याने चोरबाजारातून बॅटरीची पेटी शोधून आणली. पूर्वी मोठ्या बॅटऱ्यांना जाड, हिरवट काचेच्या एकसंध पेट्या असायच्या. त्यातली ती एक. दोन माणसांनी उचलावी लागे. तिच्यात वर्सोव्याची वाळू, खडकाचे तुकडे, ओहोटीला डबक्यांत अडकलेले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे, आणि एका दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. फूल म्हणायचं एवढंच, तो प्राणीच. करड्या बुंध्यावर जांभळट बोटांचा झुबका. कोळंबीचा तुकडा बोटांना लागला की सगळी बोटं सावकाश मिटायची. मासे मेले तर दादा दुसरे आणत असे, पण हे फूल त्याने मढच्या बाजूच्या खडकातून दगडासकट फोडून आणलं होतं आणि ते तीन पावसाळे जगलं होतं.

पाण्यात हवा सोडायला मोटारीच्या चाकाची ट्यूब होती. ती सायकलच्या पंपाने फुगवून ठेवायची, तिला बारीक रबरी नळी, नळीला चिमटा, आणि टोकाला सच्छिद्र लाकडाचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ हवा भरावी लागे. आता ते काम माझ्याकडे आलं. मी गॅलरीत पंप मारायला लागलो की खालच्या बिऱ्हाडातले गृहस्थ आंघोळीच्या बंबाशी बसल्या बसल्या ओरडून विचारायचे, "काय रे, गाडी सुटायच्या आत पोचणार ना?" ते रत्नागिरीकडचे, त्यांची गावाला सुपारीची बाग होती. मासळी घरात जिवंत ठेवायची आणि तिला वारा घालायचा, हे त्यांच्या दृष्टीने सरळ सरळ डोकं फिरल्याचं लक्षण होतं. दादाला मात्र ते असं काही म्हणायचे नाहीत.

दादा गेल्यावर त्याची खोली धुऊन, भिंतींना चुना लावायचा होता. पेटी आतल्या भिंतीला होती, ती मी आणि खालच्या गृहस्थांनी उचलून गॅलरीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात ठेवली. खोली झाल्यावरही ती तिथेच राहिली. खरं सांगायचं तर त्या खोलीत रोज दोनदा जाऊन बसायला लागू नये, हेही माझ्या मनात होतं.

थंडीत काचेला आतून तपकिरी थर धरायला लागला, चहाच्या डागासारखा. दाढीचं जुनं पातं बांबूच्या चिरलेल्या कामटीत अडकवून मी तो खरवडून काढला. तो परत आला. मग दगडांवर हिरवे धागे उगवले, केसांसारखे, नळीतल्या हवेने हलणारे. ते बोटाभोवती गुंडाळून उपटता येत, आणि उपटले की चारसहा दिवसांत पुन्हा. माझी खात्री झाली की हे उन्हामुळे. दुपारचं ऊन सरळ त्या कोपऱ्यात येत होतं, पेटी तिथे ठेवणारा मी होतो. मी काचेला बाहेरून जाड तपकिरी कागद डकवला, कठड्यावरच्या खिडकीला ओल्या गोणपाटाचं किंतान लावलं. धागे थोडे फिके पडले. पण त्यांच्या जागी दुसरंच काही आलं. वाळूवर काळपट लाल साय पसरली. बुळबुळीत, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले, आणि हाताला लागली की चिखलाचा वास. ती अख्खीच्या अख्खी सोलून निघे. दोन-तीन दिवसांत पुन्हा अंथरलेली. ती दगडावर चढत चढत समुद्रफुलाच्या बुंध्यापर्यंत आली, आणि फूल मिटलं.

दर रविवारी मी दादरला गाडी बदलून मुलुंडला जात असे. सॅनेटोरियम टेकडीच्या पायथ्याला होतं. व्हरांड्यात खाटांची रांग, प्रत्येक खाटेजवळ टेबल, त्यावर थुंकीचा झाकणाचा कप. भेटीची वेळ भर दुपारची आणि प्रवास लांबचा, म्हणून मी सकाळीच आईने दिलेला डबा घेऊन निघे. दादा उशीला टेकून बसलेला असायचा. प्रकृतीचं विचारलं की "इंजेक्शनं चालू आहेत" एवढंच सांगायचा आणि लगेच पेटीवर यायचा. रंग कसा आहे, धागे आहेत की साय, बुडबुडे दिसतात का, वास येतो का. तो डोळे मिटून ऐकायचा. आमचे डॉक्टर त्याला ज्या तऱ्हेने प्रश्न विचारायचे त्याच तऱ्हेने तो मला विचारत होता. आणि शेवटी दरवेळी एकच प्रश्न: "फूल उघडतं का?"

मी "उघडतं" म्हणत असे. दुपारी उघडत असेलही. दुपारी मी ऑफिसात असायचो.

साय आली म्हणजे पाण्यात काहीतरी कुजतंय, असं तो म्हणाला. तू जास्त घालतोस. मी शपथेवर सांगितलं की चिमटीपेक्षा जास्त घालत नाही. "मग चिमूट मोठी असेल," तो म्हणाला. मी त्यानंतर दोन दिवसांआड घालायला लागलो, मग तीन. मासे बारीक दिसायला लागले, त्यांच्या पाठी धारदार झाल्या. साय मात्र वाढतच होती. अर्धउपाशी मासे काचेशी येऊन माझ्याकडे तोंड करून हलत राहायचे, आणि मला तिथून उठावंसं वाटे.

मग दादाने पाणी बदलायला सांगितलं. खाडीतलं नको, बाहेरचं आण. मी वर्सोव्याला एका होडीवाल्याशी ठरवलं. पहाटे जाळ्यावर जाताना त्याने रिकाम्या बरण्या न्यायच्या आणि येताना भरून आणायच्या. खाऱ्या पाण्याला धातूचं भांडं चालत नाही, म्हणून मी आईकडे लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मागितल्या. आईने त्या दोन दिवस सोड्याने आणि राखेने घासल्या, उन्हात पालथ्या घातल्या. भरून आलेल्या बरण्या खाटेखाली अंधारात ठेवायच्या, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. होडीवाला बरण्या देताना म्हणाला की मीठ घालून ठेवलंय, आता कैऱ्या तेवढ्या टाका. त्याचा हा विनोद दरवेळचा होता.

पाणी बदललं की आठवडाभर बरं दिसायचं. पण पेटीच्या पृष्ठभागावर तेलकट तवंग दिसायला लागला, उन्हात रंगीत चमकणारा. म्हणजे बरण्यांना लोणच्याचं तेल राहिलंय, असं मी धरलं. मी आईला तसं बोललो. तिने बरण्या पुन्हा घासल्या. नंतर तिसऱ्यांदाही घासल्या. तिच्या हातांची सालं निघाली होती ती मला बायकोने दाखवली.

चैत्र संपत आला. पावसाळा लागला की होड्या वर ओढल्या जातात आणि किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी होतं, पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत चांगलं पाणी मिळत नाही. साय तोवर गेली नाही तर फूल जाणार हे उघड होतं. आणि त्याच सुमाराला दादाच्या छातीच्या फोटोत डाग जसाच्या तसा दिसला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने. आईला मी "सुधारणा आहे, वेळ लागेल" असं सांगितलं. तिने ते कितपत खरं मानलं माहीत नाही. त्या रविवारी दादाने फुलाबद्दल विचारलंच नाही, आणि ते मला विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

खालचे गृहस्थ एकदा वर येऊन पेटी पाहून गेले. त्यांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, "अरे, शेवाळाला कसली एवढी पूजा मांडलीस? मोरचूद टाक." सुपारीवर फवारायला ते मोरचूद वापरत, विहिरीत शेवाळ झालं तरी फडक्यात मोरचुदाचा खडा बांधून दोरीने पाण्यात फिरवायचा, दोन दिवसांत पाणी आरशासारखं, असा त्यांचा अनुभव होता. मी म्हटलं, दादाने औषध नको सांगितलंय. ते म्हणाले, "दादा काय तिथून बघतोय?" आणि संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून एक निळा खडा आणून दिला.

तो खडा चार-पाच दिवस माझ्या कोटाच्या खिशात होता. ऑफिसला जाता-येता हात लागायचा. मी हिशेब असा मांडला होता की साय राहिली तर फूल मरणारच आहे. मोरचुदाने मरेल किंवा मरणार नाही. मासे तर जगतील. दादा घरी येईल तेव्हा निदान स्वच्छ पाणी दिसेल. फूल आपोआप गेलं असं सांगता येईल. हे शेवटचं वाक्य मी मनात स्पष्ट उच्चारलं होतं, म्हणून लिहितो आहे.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. त्या शनिवारी मी आणखी लवकर सुटी मागून घेतली. बायको सकाळपासून तिच्या मावशीकडे विलेपार्ल्याला गेली होती, आई दुपारी जेवून झोपायची. कुणी विचारायला नको, म्हणून मी ती वेळ धरली. जिना चढून आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आईचं पान मांडलेलं, तिने हात लावलेला नव्हता. ती गॅलरीत पेटीजवळ उभी होती. डाव्या हातात वाटी होती, उजव्या हाताने ती वाटीतला भात कालवून बोटांनी पाण्यात सोडत होती. वरणभात होता, वर तूप. तुपाचे गोल पाण्यावर पसरताना मी पाहिले.

आई रोज जेवायच्या आधी पानातला पहिला घास काढून ठेवत असे. गावी तो गाईला जायचा. अंधेरीला गाय रस्त्यात भेटली तर तिला, नाहीतर गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांना. हे आम्ही जन्मभर पाहिलेलं, त्यामुळे पाहायचं सोडून दिलेलं. कठड्यावर आता किंतान लावलेलं होतं, कावळे येत नव्हते, हेही माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं.

"आई, काय करतेस?"

ती दचकली नाही. "तेचो घास," म्हणाली. आई मालवणकडची, आमच्याशी बोलताना ती शेवटपर्यंत मालवणीच बोलली. "तो थंय. मगे तेच्या जिवांक नको घालूक?"

कधीपासून, मी विचारलं. दादा गेला त्या दिवसापासून. रोज. रविवारी मी डबा घेऊन गेलो की त्या दिवशीही. मी पेटीत पाहिलं. मागच्या बाजूला, मी कागद डकवलेल्या काचेच्या आणि दगडाच्या मध्ये जी सांद होती, तिथे शितं पडलेली होती. काही पांढरी, खालची करडी, आणि त्यांच्यावरून ती लाल साय सुरू झालेली. मी पुढून खरवडत होतो. मागे हात पोचत नव्हता, आणि कागद मीच लावलेला होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात ती वाटीतला उरलेला भातही पाण्यात सोडायला लागली. हा घासभर नव्हता, चांगला मूठभर होता. मी तिचा हात धरला.

"एवढा कशाला?"

आईने हात सोडवून घेतला नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "ते खाईत नाय रे. कालचो भात तसोच पडलेलो रवता. म्हणान मी जास्त घातलंय. एखादो तरी खायत."

मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचं तोंड पाहिल्यावर मला पुढचं तिने न बोलता कळलं. आमच्याकडे काढून ठेवलेल्या घासाला कावळा शिवला नाही तर काय समजतात ते कुणी बोलून दाखवत नाही. ती गेले सहा महिने रोज एका जिवंत मुलाच्या नावाने घास घालत होती आणि तो तसाच पडून राहिलेला पाहत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. रोज थोडा वाढवत होती.

मी खिशातल्या खड्याला हात लावला आणि तिला म्हटलं, तू जेवून घे, अन्न गार होतंय. ती जेवायला बसली. मी कागद काढला, पेटी एका बाजूने सरकवली, नळी लावून मागची शितं ओढून बादलीत घेतली. वास घरभर झाला. आईने जेवता जेवता एकदा पाहिलं, आणि परत पानाकडे मान वळवली.

संध्याकाळी बायको आल्यावर तिला विचारलं तर तिला ठाऊक होतं. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि नसतं तरी मी काय सांगणार होते? की आई, तुमच्या मुलाचा घास पाण्यात घालू नका?" नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या बरण्या उगाच तीन तीनदा घासायला लावल्यात."

मला रात्रभर झोप आली नाही असं काही झालं नाही, झोप लागली. पण सकाळी मुलुंडला जाताना मला ठरवता येईना की हे दादाला सांगावं का. माझी चिमूट मोठी नव्हती, एवढं सिद्ध झालं होतं, आणि इतके महिने स्वतःला दोष दिल्यावर त्या सुटकेची मला थोडी गोडीही वाटत होती. त्याच गोडीमुळे सांगू नये असं वाटलं. पण न सांगता पाणी सुधारायचं तर आईला थांबवावं लागणार होतं. तिला काय सांगून थांबवायचं? की तुझ्या घासाने दादाची पेटी सडली? ते खरं होतं, आणि ते तिला ऐकवणारं माणूस मला व्हायचं नव्हतं.

मी दादाला सांगितलं. त्या दिवशी मी खाटेजवळचं स्टूल ओढून बसलो होतो. कधी बसलो ते माझं मलाच कळलं नाही. भात म्हटल्यावर त्याने डोळे उघडले. तूप म्हटल्यावर तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, त्याने कपाचं झाकण काढलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग त्याने झाकण परत लावून कप टेबलावर ठेवला.

"रोज?"

"रोज. आणि मासे खात नाहीत म्हणून जास्त जास्त."

"तिला वाटतं..." तो म्हणाला आणि थांबला. मी मान हलवली.

समोरच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. दादाने चादर नीट केली. "तिला बंद करायला सांगू नकोस," तो म्हणाला. "खाणारा आण. आपणच मूर्ख. एवढ्या मोठ्या पेटीत भात खाणारा एक ठेवला नाही." मग नेहमीच्या आवाजात, नकाशा समजावून सांगावा तसा तो सांगायला लागला. ओहोटीला खडकाच्या कडेने बघ, रिकाम्या शंखात खेकडे शिरलेले असतात, शंख पाठीवर घेऊन चालतात. ते काहीही खातात. सायीचीही कड कुरतडतात. दोन-तीन आण, जास्त नको. आणि आईला म्हणावं घास एकच, आणि तो समोरच्या कोपऱ्यात टाक, म्हणजे दिसेल.

"तूप?" मी विचारलं.

"तुपाचं तू बघ," तो म्हणाला.

मोरचुदाबद्दल मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खडा खालच्या गृहस्थांना परत दिला. त्यांनी विचारलं, काम झालं का? मी म्हटलं, दुसरी सोय झाली.

पुढच्या सुट्टीला ओहोटी बघून मी वर्सोव्याला गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांवरून वारा येत होता. खडकांत वाकून वाकून मी तीन शंख गोळा केले, तिघांतही पाय होते. घरी आणून त्यांना पेटीत सोडलं. दोघे दगडाखाली गेले आणि नंतर क्वचितच दिसले. तिसरा, करड्या शंखाचा, वाळूवरच राहिला.

दुपारी आईला मी दादाचा निरोप सांगितला, जसाच्या तसा नाही. दादाने खेकडे मागवलेत, त्यांना घास समोरच्या कोपऱ्यात लागतो, आणि तूप त्यांना सोसत नाही, असं सांगितलं. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग साध्या भाताची शितं घेऊन कोपऱ्यात सोडली आणि वाकून उभी राहिली. शितं खाली बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग शंख हलला, तिरका तिरका चालत आला. दोन मिशा भाताला लागल्या, एका नांगीने एक शीत उचललं आणि तोंडापाशी नेलं.

"खाल्ल्यान," आई म्हणाली. हळू म्हणाली, मला सांगायला नव्हे. तिने पदराने हात पुसला, पानावर जाऊन बसली आणि त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

पेटी लगेच सुधारली नाही. साय जायला आणखी पाच-सहा आठवडे लागले. मी दर दोन दिवसांनी नळीने ती ओढून घेत होतो, पेटी आतल्या भिंतीला परत नेली, पावसाळ्याआधी बरण्या भरून खाटेखाली लावल्या. दादाच्या खोलीतच बसून पंप मारायला लागलो. माशांना पुन्हा एक दिवसाआड खायला मिळालं. धागे पूर्ण गेले नाहीत, मागच्या काचेवर थोडे राहिले. दादा म्हणाला ते राहू देत, तेवढं शेवाळ चांगलं असतं, पाणी तेच सांभाळतं. समुद्रफूल अर्ध्यावर आलेलं होतं, बुंधा सुरकुतलेला. आषाढात एका रविवारी सकाळी निघायच्या आधी मी ते उघडलेलं पाहिलं. सगळी बोटं नाहीत, पण उघडलेलं. त्या दिवशी दादाने विचारायच्या आधीच मी सांगितलं.

दादा दिवाळीच्या आधी घरी आला. डाग बुजत आला होता, गोळ्या पुढे वर्षभर चालायच्या होत्या. आधीपासून बारीक, आता सदऱ्याची गळपट्टी सैल झालेली. मध्यंतरी माझी मुलगी झाली होती, तिला त्याने दाराशी उभं राहूनच पाहिलं. मी म्हटलं, आत ये. तो म्हणाला, येईन. आधी गेला तो पेटीकडे. स्टूल ओढून बसला, शाईची रेघ पाहिली, पाण्यात नाक घालून वास घेतला, फुलाकडे बराच वेळ पाहिलं. "लहान झालंय," म्हणाला. मी म्हटलं, हो. 

दुपारी त्याच्याच खोलीत पानं मांडली, पेटीच्या समोर. आईने भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं. तिने स्वतःच्या पानात हात घातला आणि घास काढला, पण तो पाण्याकडे नेला नाही. केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि बायकोला तो कठड्यावर ठेवायला सांगितलं. किंतान केव्हाच काढलेलं होतं. आम्ही जेवायला लागलो. थोड्या वेळाने दादाचा हात थांबला. तो पेटीकडे बघत होता. करड्या शंखाचा खेकडा दगडामागून निघून समोरच्या कोपऱ्यात येऊन बसला होता, मिशा वर करून.

"आई," दादा म्हणाला, "हा वाट बघतोय."

आईने मान वर केली नाही. ती त्याच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढत होती.

"बघांदे तेका," ती म्हणाली. "तू जेव."

खेकडा त्यानंतर किती दिवस त्या कोपऱ्यात येत राहिला ते मला माहीत नाही. दुपारी मी ऑफिसात असे. दादा घरीच होता, त्याने पाहिलं असेल; त्याला विचारायचं राहून गेलं.